चौथा पाय

मुलगा चारचौघांत बोलायला बुजतो, मुलाखतीत गोंधळतो, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो. म्हणजे त्याच्यात आत्मविश्वास नाही. आणि आत्मविश्वास नाही म्हणजे त्याला बोलायला शिकवलं पाहिजे. जळगाव जिल्ह्यात रावेर, सावदा, फैजपूर, यावल, कुठेही जा, हे निदान आणि हा इलाज लोकांच्या तोंडी बसलेला आहे. त्यातूनच स्टेज डेअरिंगचे वर्ग निघतात, स्पोकन इंग्लिशच्या बॅचेस भरतात, सुट्टीत व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं होतात. मुलं मूठ आवळून 'मी करू शकतो' असं मोठ्याने म्हणतात. पालक पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पण हे निदान उथळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

'मी करू शकतो' हे वाक्य अपुरं आहे. काय करू शकतो, या प्रश्नाचं उत्तर मुलाजवळ नसेल, तर त्याचा आवाज कितीही वाढवला तरी तो परत खाली येणारच. आत्मविश्वास ही आपल्या हातून एखादी गोष्ट नीट झाल्याची आठवण असते. ती आठवण तेरा ते सोळा या वयात साठायला हवी, आणि आपल्या भागात ती साठवण्यासाठी सुतारकामाइतकं जवळचं आणि खरं साधन मला दुसरं दिसत नाही. म्हणून रावेर तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत सुतारकामाची शेड असावी आणि आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाने, प्रत्येक मुलीने दोन वर्षं तिथे काम करावं, अशी माझी मागणी आहे.

१. क्रम उलटा लागला आहे

आधी आत्मविश्वास, मग काम, असं आपण धरून चालतो. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या विषयाची जी मांडणी केली, तिने हा क्रम फिरवला. आपल्याला एखादी गोष्ट जमेल हा भरवसा माणसात चार वाटांनी येतो, असं त्यांनी सांगितलं: स्वतः ती गोष्ट पार पाडल्याच्या अनुभवातून, आपल्यासारख्या दुसऱ्याला ती करताना पाहून, कुणी दिलेल्या धीरातून आणि स्वतःच्या शरीर-मनाच्या त्या वेळच्या स्थितीतून. यातली सर्वांत बळकट वाट पहिली. धीराचे शब्द कच्चे ठरतात, कारण पहिल्याच अपयशात ते विरून जातात. आपली शिबिरं जवळजवळ पूर्णपणे या तिसऱ्या वाटेवर उभी आहेत.

अमेरिकेने हा प्रयोग आपल्या आधी करून पाहिला. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली स्वाभिमान वाढवण्यासाठी सरकारी कृतिगटच नेमला होता. मुलांना स्वतःबद्दल चांगलं वाटायला लावलं की अभ्यासापासून वागण्यापर्यंत सगळं सुधारेल, अशी त्यामागची आशा होती. २००३ साली रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. स्वतःबद्दलचं मत फुगवल्याने शाळेतली कामगिरी सुधारते असा आधार त्यांना मिळाला नाही. चांगली कामगिरी झाली की स्वतःबद्दलचं मत सुधारतं, हे मात्र बऱ्याच अंशी पटण्यासारखं निघालं. खेड्यातल्या कुठल्याही जाणत्या बाईने हे आढावा न घेता सांगितलं असतं. पहिली भाकरी फुगली की पोरीचा हात दुसऱ्या भाकरीला आपोआप मोकळा चालतो.

२. केळीची बाग काय शिकवते

इथे कुणी म्हणेल, शेतकऱ्याच्या मुलाला हाताच्या कामाची काय वाण? हा प्रश्न नीट तपासला पाहिजे, कारण रावेरची खरी अडचण त्यातच दडलेली आहे.

दोन पिढ्यांपूर्वी इथला पंधरा वर्षांचा मुलगा औत धरायचा. पाभरीने पेरलेल्या ओळी आठ-दहा दिवसांत उगवून यायच्या आणि त्या सरळ आहेत की नागमोडी, हे वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं. ओळ वाकडी आली तर टोमणा बसायचा, सरळ आली तर 'पोरगा कामाचा झाला' असं बाप दुसऱ्याजवळ बोलायचा. त्या जुन्या शेतीत कष्ट होते, कर्ज होतं, मुलांची शाळा बुडत होती. तिचं गुणगान मला करायचं नाही. पण तिच्यात मुलाला स्वतःच्या हाताचा पुरावा मिळत होता.

आज केळीची टिश्यूकल्चरची रोपं बाहेरून येतात, पाणी आणि खत ठिबकमधून जातं, मोटार मोबाइलवरून चालू होते, घड कापायला टोळी येते. मुलाला घरून एकच काम आहे: अभ्यास कर. आणि बागेत तो जे पाहतो, ते तर जास्तच घातक आहे. बाप वर्षभर सगळं बिनचूक करतो. मग मे-जूनमध्ये अर्ध्या तासाचं वादळ येतं आणि घडाने लगडलेली बाग आडवी होते. कधी सीएमव्ही या विषाणूचा रोग पडतो आणि लावलेली रोपं उपटून टाकावी लागतात. या सगळ्यातून माल वाचला, तर भाव व्यापारी ठरवतो. मेहनत आणि फळ यांचा धागा मुलाच्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा तुटतो. नीट केलं तरी बुडतं आणि कधी कधी नीट न करताही साधतं, हा धडा तो कुणी न शिकवता शिकतो.

शाळाही हा धागा सांधत नाही. उत्तरपत्रिका लिहून झाली की ती मुलाच्या हातून जाते. दोन महिन्यांनी एक आकडा परत येतो. नेमकं कुठे चुकलं, ते कसं दुरुस्त करायचं, हे त्या आकड्यातून कळत नाही. अशा मुलाला मंचावर उभं करून 'घाबरू नकोस' म्हणणं म्हणजे पाया न भरता भिंतीला गिलावा करणं आहे.

३. स्टूल डुगडुगतं तेव्हा

आता लाकूडच का, ते सांगतो. त्यासाठी एक साधं स्टूल जवळून बघू या: चार पाय, पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, वर बसायची फळी.

नववीतला मुलगा पायाचं लाकूड घेतो. आधी एक बाजू रंध्याने सपाट करायची. रंधा उलट्या रेषेने मारला की लाकूड उपटतं, हे त्याला मनगटात कळतं. कडुनिंबाची रेष जागोजागी फिरते, तिथे तर लगेच कळतं. मग गुण्या लावून दुसरी बाजू पहिलीशी काटकोनात आणायची. गुण्याच्या पात्याखालून उजेड दिसला तर अजून काम आहे, दिसला नाही तर झालं. इथे मास्तरांना विचारावं लागत नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करावी लागत नाही. खतावणीने रेघ ओढायची, पटाशीने खाच पाडायची, आडव्या पट्टीच्या टोकाला त्या खाचेत घट्ट बसेल असं कुसू काढायचं. मिस्तरी लोक अजूनही सुताच्या भाषेत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खाच एक सूत मोठी झाली की जोड खिळखिळा झाला.

सगळं जोडून स्टूल फरशीवर ठेवलं की ते डुगडुगतं. पहिलं स्टूल बहुधा डुगडुगतंच. तीन पायांची तिवई कितीही ओबडधोबड असली तरी डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून एक सपाट पातळी नेहमीच जाते. चौथा पाय आला की तो त्याच पातळीत आणावा लागतो. भूमितीच्या तासाला फळ्यावर लिहून घेतलेलं वाक्य इथे मुलाच्या गुडघ्याला लागतं.

मुलगा काय करतो? लांब वाटणारा पाय थोडा कापतो. आता दुसराच पाय लांब वाटतो. तोही कापतो. स्टूल बुटकं होत जातं, डुगडुगणं तसंच राहतं. मग मिस्तरी त्याला थांबवतात. स्टूल सपाट फरशीवर ठेव. पायांखाली बारीक पाचरी सारून वरची फळी सगळीकडून सारख्या उंचीवर आण. आता लाकडाचा एक छोटा ठोकळा घे, त्याच्यावर पेन्सिल आडवी धर आणि ठोकळा फरशीवर सरकवत चारही पायांभोवती रेघ फिरव. त्या रेघेवर काप. स्टूल जमिनीला टेकतं आणि टेकलेलंच राहतं.

या अर्ध्या तासात मुलाला चार गोष्टी मिळाल्या. चूक दिसली. चूक आपलीच आहे हे कळलं, कारण मधे ना वादळ होतं ना व्यापारी. दोन आठवड्यांपूर्वी तिरकी पडलेली खाच आज पायाशी बाहेर आली, म्हणजे कारण आणि परिणाम यांच्यात अंतर असू शकतं, हेही समजलं. आणि घाईने कापत सुटण्यापेक्षा थांबून मोजलं की चूक निस्तरता येते, हे त्याने स्वतः करून पाहिलं. भरवसा म्हणतात तो या चौथ्या गोष्टीत असतो. केळीच्या बागेत तुटलेला धागा इथे जोडला जातो.

माती, विणकाम, स्वयंपाक, सायकल दुरुस्ती यांतूनही हे मिळू शकतं, मला मान्य आहे. लाकडाच्या बाजूने मी तीन कारणं देईन. त्याचा वेग मुलाच्या विचाराच्या वेगाशी जुळतो; लोखंडासारखं ते यंत्र मागत नाही. त्यात मोजमाप अटळ आहे. आणि झालेली वस्तू घरात वर्षानुवर्षं राहते, आजी तिच्यावर बसून भाजी निवडते. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' या शब्दापासून आला आहे: हातात सूत धरणारा, रेघ आखणारा. या कामात कापण्याच्या आधी आखणं येतं, हे त्या नावातच आहे.

४. हे आपल्या अंगणात येऊन गेलं

काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला झालं, हे इथल्या शाळकरी मुलाला माहीत असतं. त्या अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगरची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपवली होती आणि ती त्यांनी बांबूसारख्या साध्या, गावात मिळणाऱ्या साहित्यातून उभी केली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. खेड्यातल्या हाताने देशासमोर उभं राहण्याजोगं काही घडू शकतं, हे फैजपूरने डोळ्यांना दाखवलं. पुढे दहाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची योजना आखली. सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकामही तिच्यात होतं.

ही कल्पना एकट्या भारताची नव्हती. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांनी एकोणिसाव्या शतकातच हस्तकाम शाळेत आणलं होतं. स्वीडनमध्ये नेस इथे ओटो सालोमोन यांनी लाकूडकामाची अशी मालिका बसवली, की प्रत्येक पुढच्या वस्तूत एखादीच नवी अडचण यावी आणि प्रत्येक वस्तू घरात वापरता यावी. मुलगा चाकूने सुरुवात करून हळूहळू अवघड जोडांपर्यंत पोहोचे. त्याला सुतार करायचा हेतू नव्हता; हात, डोळा आणि मन यांना वळण लावायचं होतं.

मग आपल्याकडे हे टिकलं का नाही? कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ साली समाजोपयोगी उत्पादक कार्य हा विषय पुढे आणला. नावं बदलत गेली. शाळेत शेवटी उरलं काय, तर शेवटच्या आठवड्यात घाईने केलेली, अनेकदा आईने किंवा दुकानदाराने करून दिलेली थर्माकोलची वस्तू आणि तिच्यावर पडलेले गुण. माझ्या मते याची तीन कारणं आहेत. वर्धा योजनेत मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा अशी अपेक्षा होती. तिने शिकणं आणि कमावणं यांची गल्लत केली. दुसरं, ज्यांनी आयुष्यात पटाशी धरली नाही, त्या शिक्षकांवर हा विषय लादला गेला. तिसरं कारण सर्वांत खोल आहे: लिहिणारा हात वरचा आणि घडवणारा हात खालचा, ही आपल्या समाजाची समजूत वर्गात तशीच राहिली.

पण एक उदाहरण असं आहे की ज्याच्यापुढे या सबबी टिकत नाहीत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेत पीएच.डी. झालेले, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. पाबळला मुलं सुतारकाम, वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, आरोग्य असं सगळं हाताने करत शिकली. त्यातून माध्यमिक शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आकाराला आला. गावाला खरोखर लागणारी कामं मुलांनी करायची, हे त्याचं मर्म होतं. गुणांसाठी केलेल्या खोट्या वस्तूला ती सर येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावं असं त्यात म्हटलं आहे. सुताराचं नाव तिथे आलं, याचा आनंद आहे. पण दहा दिवसांत रंध्याला धार लावणंसुद्धा हातात बसत नाही. दहा दिवसांत ओळख होते, भरवसा बसत नाही.

५. आक्षेप

*हे जातीकडे परत नेणारं आहे.* हा सर्वांत गंभीर आक्षेप आणि तो घाईने झटकणाऱ्याशी माझं पटणार नाही. फैजपूरच्या त्याच १९३६ साली डॉ. आंबेडकरांचं 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झालं. जातीने केवळ कामं वाटलेली नाहीत, काम करणारी माणसंच वेगळी पाडून एकावर एक रचली आहेत, हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. १९५३ साली मद्रासमध्ये मुख्यमंत्री राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेल्या वेळात घरच्या धंद्याची शिकवण अशी योजना आणली. तिला कडाडून विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी ती मोडीत निघाली. विरोध योग्यच होता. सुताराच्या मुलाला सुतारकीकडे आणि पाटलाच्या मुलाला पुस्तकाकडे नेणारी कुठलीही योजना मलाही नको.

माझी मागणी नेमकी उलट्या दिशेची आहे. पाटलाचा मुलगा, तडव्यांची मुलगी, सुताराचा मुलगा एकाच बाकावर, एकाच शेगड्यात लाकूड आवळून काम करतील. ज्या माणसाच्या आजोबांना बलुत्यासाठी खळ्यावर ताटकळावं लागलं, तो शाळेत हजेरीपुस्तकावर सही करेल आणि मुलं त्याला 'सर' म्हणतील. 'मिस्तरी'पासून 'सर'पर्यंतचं हे अंतर एका पिढीत तुटलं, तर माझ्या लेखी शेडचा खर्च तिथेच वसूल झाला. अट मात्र कडक हवी: काम सगळ्यांना सक्तीचं. 'ढ' मुलांना शेडमध्ये आणि हुशारांना अभ्यासिकेत अशी वाटणी ज्या दिवशी होईल, त्या दिवशी शेड बंद करावी.

*मॉड्युलर फर्निचरच्या काळात सुतारकी शिकून पोट कसं भरणार?* पोट भरण्यासाठी हे शिकवायचंच नाही. ज्याला धंदा करायचा आहे, त्याच्यासाठी आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. इतिहास शिकलेल्या प्रत्येकाने इतिहासकार व्हावं असं आपण म्हणत नाही.

*स्टूल केलं म्हणून एमपीएससीची मुलाखत थोडीच जमणार?* हा आक्षेप बराचसा बरोबर आहे. बंडुरांच्या मांडणीतही हा भरवसा त्या त्या कामापुरता असतो. तो एका कामातून दुसऱ्यात पाण्यासारखा वाहत जात नाही. सुतारकाम केलेला मुलगा मंचावर पहिल्यांदा उभा राहिला तर त्याचेही पाय लटपटतील. पण एक वेळ चुकून, थांबून, मोजून दुरुस्त केलेल्या मुलाला लटपटण्याचा अर्थ वेगळा लागतो. पहिलं स्टूल डुगडुगतंच, हे त्याला माहीत असतं. शिवाय त्याच्याजवळ बोलायला विषय असतो. भाषणात अडखळणारा नववीतला मुलगा 'हा जोड असा का केला' हे सांगायला लागला की आपल्या बोलीत, लेवा असो की तावडी, न थांबता पाच मिनिटं बोलतो. ती पाच मिनिटं कुठल्याही वर्गात विकत मिळत नाहीत.

बाकीचे आक्षेप मला लहान वाटतात. दहावीचा वेळ जाईल, तर आठवी-नववीतच करा. बोट कापेल, तर धार नसलेली पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त कापते, कारण ती जोर मागते आणि निसटते, म्हणून पहिला महिना फक्त धार लावणं शिकवा. मुलींचं काय, हा प्रश्नच मला कळत नाही. लोणच्याच्या कैऱ्या अडकित्त्याने फोडणाऱ्या हातांना करवत जड जाणार नाही, आणि घरात खिळा ठोकायला भावाची वाट पाहावी न लागणं ही लहान गोष्ट नाही.

६. शेड कशी असावी

पत्र्याची शेड, दोन बाजू उघड्या, कारण इथला उन्हाळा बंद खोलीत काम करू देत नाही. आठ बाक, प्रत्येकाला एक शेगडा. एका बाकावर दोघं. करवत, रंधा, तीन मापांच्या पटाश्या, गुण्या, खतावणी, हातोडी, गिरमिट, कानस, धारेचा दगड. पहिली दोन वर्षं विजेचं एकही यंत्र नको. हिशेबासाठी एक माप घ्या: २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कारागिराला अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. तेवढ्याच किमतीचे आठ संच धरले, तर एक लाख वीस हजार. शाळेच्या कमानीवर यापेक्षा जास्त खर्च झालेला मी पाहिला आहे.

शिकवायला गावातला मिस्तरी, तासाच्या मानधनावर, आणि त्याच्या सोबत गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षक, पूर्ण वेळ हजर. सालोमोन कारागिरापेक्षा शिक्षकावर भरवसा ठेवत. आपल्याकडे दोघं एकमेकांपासून शिकले तरच हे चालेल. वस्तूंचा क्रम सोपा: खोक्याच्या फळीची चमच्याची खुंटाळी, मग पाट, मग तिवई, मग चार पायांचं स्टूल. पहिली वस्तू घरी न्यायची. दुसऱ्या वर्षाची वस्तू गावासाठी करायची: अंगणवाडीचं बाक, दवाखान्यातलं स्टूल, वाचनालयाची मांडणी. त्यावर करणाऱ्याचं नाव पटाशीने कोरलेलं असावं. गुण देऊ नयेत. स्टूल टेकलं की नाही, एवढंच पाहावं.

आणि लाकडासाठी सातपुड्यातल्या सागाकडे बघायला नको. आंब्याचं, बांधावरच्या बाभळीचं, कडुनिंबाचं लाकूड पुरेसं आहे. दर वर्षी वादळात झाडं उन्मळून पडतात आणि जळणात जातात. यंदा जूनमध्ये पडलेला एखादा कडुनिंब परवानगी घेऊन, सॉ-मिलवर सव्वा इंचाच्या फळ्या चिरून आणावा. फळ्यांच्या टोकांना रंग लावावा, म्हणजे त्या लवकर तडकत नाहीत. मग शाळेच्या सावलीच्या भिंतीलगत, जमिनीपासून वीतभर वर, प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून चळत रचावी. लाकूड मुरायला सुमारे वर्ष लागेल. त्या पट्ट्या मात्र आत्ताच, आठवीच्या मुलांनी, सूत न सूत मोजून कापाव्यात. एखादी जाड राहिली, तर तिच्यावरची फळी वर्षभरात वाकलेली दिसेल.